जुनी डिझेल पिकअप : दुरुस्त करावी की बदलावी?



मंडळाच्या गणपतीचं मखर, ढोल-ताशे आणि साऊंड सिस्टिम ज्या गाडीतून शाळेच्या हॉलवर यायची, ती आमची पांढरी पिकअप यंदा दिसली नाही, म्हणून बऱ्याच जणांनी चौकशी केली. "विकली का?" "बंद पडली का?" "आता पुढच्या वर्षी मखर कशातून आणायचं?" दर वेळी तीच गोष्ट उभ्या उभ्या सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावी, असं आम्ही दोघांनी ठरवलं. शिवाय मंडळात आणखी तीन-चार घरी अशाच जुन्या डिझेल पिकअप आहेत. आज ना उद्या त्यांच्यापुढेही हाच प्रश्न येणार, तेव्हा आमची फजिती त्यांच्या उपयोगी पडली तर बरंच.

तसे आम्ही दोघंही इंजिनिअर. पण पुण्यात मेकॅनिकलची डिग्री घेऊन पुढची पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, की गाडीचं ज्ञान परीक्षेपुरतंच उरतं! त्यामुळे हे तज्ज्ञांचं मत समजू नका. एका कुटुंबाने केलेला हिशेब आणि त्यात झालेली चूक, एवढंच हे आहे.

मुळात डिझेल पिकअप कशाला?

2017 साली इथे मिशिगनमध्ये घर घेतलं, तेव्हा एक वापरलेली 2002 सालची डिझेल पिकअप घेतली. (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिचा काही दोष नाही.) उन्हाळ्यात कॅम्पिंगचा ट्रेलर ओढायचा, घरासाठी लाकूड-माती आणायची आणि मंडळाचं सामान न्यायचं, एवढीच तिची कामं. ऑफिसला जायला दुसरी गाडी होतीच. मुलाने तिचं नाव 'हत्ती' ठेवलं होतं.

डिझेल इंजिनाबद्दल आपल्याकडच्या लोकांना एक जिव्हाळा असतोच. पुणेकरांना तर विचारायलाच नको. कोथरूडला 1962 पासून किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना, ज्याची पुढे कमिन्स इंडिया झाली. कमिन्सचं मूळ गाव म्हणजे आपल्या शेजारच्या इंडियाना राज्यातलं कोलंबस. तिथे 1919 साली ही कंपनी सुरू झाली, आणि 1989 साली तिचं 5.9 लिटरचं इंजिन डॉजच्या पिकअपमध्ये बसू लागलं. इथल्या घरगुती पिकअपमध्ये मोठ्या ट्रकच्या तोडीचं डिझेल इंजिन येऊ लागलं ते साधारण तेव्हापासून.

डिझेल जास्त टिकतं यात जादू नाही. त्यात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबतात की ती तापून डिझेल आपोआप पेटतं. तो दाब सोसायचा म्हणून ब्लॉक, क्रँक, पिस्टन सगळंच दणकट बनवावं लागतं. शिवाय इंजिन कमी फेऱ्यांवर चालतं. म्हणून दोन-अडीच लाख मैल झालेली डिझेल इंजिनं रस्त्यावर सर्रास दिसतात. पण मंडळी, इंजिन टिकतं म्हणजे गाडी टिकते, असं मात्र नाही. या लेखात सांगण्यासारखं जे आहे ते एवढंच, आणि तेच आम्हाला उशिरा कळलं.

धूर निघाला

मागच्या वसंत ऋतूत हत्ती सकाळी सुरू व्हायला कुरकुर करू लागला आणि मागून पांढरा धूर यायला लागला. धुराच्या रंगावरून बरंच कळतं, म्हणून थोडक्यात सांगतो:

- पांढरा धूर : डिझेल न जळता बाहेर येतंय (इंजेक्टर, ग्लो प्लग किंवा कमी झालेलं कॉम्प्रेशन), नाहीतर कूलंट सिलिंडरमध्ये शिरतंय. कूलंटची पातळी घटत असेल तर दुसरी शक्यता धरा.
- निळसर धूर : ऑइल जळतंय. रिंगा, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बो.
- काळा धूर : डिझेल जास्त, हवा कमी. कधी नुसता एअर फिल्टर तुंबलेला असतो, कधी टर्बोकडून येणारी नळी फुटलेली असते.

आम्ही एका वर्कशॉपमध्ये दाखवली. सगळे इंजेक्टर बदलावे लागतील, सोबत ग्लो प्लग आणि बाकी किरकोळ कामं, असं एस्टिमेट आलं : 5,800 डॉलर. गाडीवर तेव्हा 2,18,000 मैल झाले होते. आहे त्या स्थितीत विकली तर चार हजार येतील, असा अंदाज होता.

"गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च करू नये" हा नियम

हा सल्ला आम्हाला ऑफिसात किमान पाच जणांनी दिला. ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण हिशेबात टिकत नाही. कारण प्रश्न 'गाडीची किंमत किती' हा नसतोच. प्रश्न असा असतो की पुढची काही वर्षं तेच काम करून घ्यायला दर वर्षी किती पैसे जाणार? चार हजारांच्या गाडीवर सहा हजार घालणं वेडेपणाचं दिसतं, पण त्याऐवजी बत्तीस हजारांची गाडी घेणं हे आपोआप शहाणपण ठरत नाही.

दुसरी एक गोष्ट. मागच्याच वर्षी आम्ही टायर आणि ट्रान्समिशनच्या कामावर तीन हजार घातले होते. "आत्ताच एवढा खर्च केला, आता कशी विकायची?" असं मन म्हणत होतं. पण गेलेले पैसे गेले. ते दुरुस्तीच्या बाजूनेही धरायचे नाहीत आणि विक्रीच्याही नाहीत. हे लिहायला सोपं आहे. घरात मात्र त्यावर दोन संध्याकाळी वाद झाला!

मग सवयीप्रमाणे एक्सेल उघडलं. चार वर्षांचा काळ आणि वर्षाला 6,000 मैल धरले. भाव आमच्या गावचे, त्या वेळचे. तुम्ही तुमचे घाला.

दुरुस्त केली तर :
- दुरुस्ती 5,800, आणि आज विकली असती तर मिळाले असते ते 4,000. चार वर्षांनी विकून 5,000 येतील असं धरलं. म्हणजे वर्षाला 1,200
- देखभाल आणि अचानक निघणारी कामं : 1,500
- विमा : 1,000
- डिझेल (गॅलनला 15 मैल, 3.75 डॉलर भाव) : 1,500
- एकूण वर्षाला सुमारे 5,200 डॉलर

वापरलेली, सहा-सात वर्षांची पेट्रोल पिकअप घेतली तर :
- किंमत 32,000, त्यावर मिशिगनचा 6 टक्के विक्रीकर, म्हणजे साधारण 34,000. चार वर्षांनी 20,000 येतील असं धरलं. वर्षाला 3,500
- देखभाल : 800
- पूर्ण विमा : 1,900
- पेट्रोल (गॅलनला 12.5 मैल, 3.25 डॉलर भाव) : 1,560
- कर्जाचं व्याज : 900
- एकूण वर्षाला सुमारे 8,660 डॉलर

आकडे स्पष्ट होते. दुरुस्त करायची! वर्कशॉपला फोन करून पुढच्या सोमवारची वेळही घेतली.

बाबा गाडीखाली गेले

त्या उन्हाळ्यात बाबा पुण्याहून आले होते. बाबांची सगळी नोकरी एस.टी.च्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये गेली. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूर इथल्या एस.टी.च्या कार्यशाळांत इंजिनं उघडून नव्याने बांधतात आणि चेसिसवर नवी बॉडीसुद्धा उभी करतात. आम्ही मोठ्या कौतुकाने त्यांना एक्सेल दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून सगळं शांतपणे वाचलं आणि विचारलं, "यात चेसिस कुठंय?"

"चेसिसला काय झालंय बाबा? चालतेय की."

"अरे, इंजिन काय, उद्या दुसरं आणून बसवशील. बॉडी नवी बांधता येते. चेसिस गेली की गाडी गेली. आधी खाली बघा, मग वर."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एक हातोडी, एक जाड स्क्रू-ड्रायव्हर आणि टॉर्च घेऊन ड्राइव्हवेवर आडवे झाले. (आमचे शेजारी बराच वेळ खिडकीतून बघत होते.) माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसे ते फ्रेमवर हातोडी मारत पुढून मागे गेले. पुढे खणखणीत आवाज येत होता. मागच्या अ‍ॅक्सलच्या वर, पाट्यांचा ब्रॅकेट जिथे फ्रेमला धरलेला असतो तिथे, आवाज बदबद झाला. तिथे त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दाबला. तो आत गेला. आरपार.

बाबा बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "या गाडीला ट्रेलर लावून पोरांना घेऊन गेला होतात ना गेल्या वर्षी?"

गेलो होतो. आय-75 ने थेट मॅकिनॉ पुलापलीकडे. मागे ट्रेलर आणि मागच्या सीटवर दोन मुलं. त्या दिवशी आम्ही दोघंही फारसं बोललो नाही.

मीठ आणि मिशिगन

हे कसं झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. डेट्रॉईट शहराच्या खाली तर हजार फुटांहून खोल मिठाची खाणच आहे! मिठामुळे पाणी शून्याखालीही पातळ राहतं, शिवाय खारं पाणी विजेचं चांगलं वाहक असल्यामुळे लोखंड गंजण्याची क्रिया वेगाने होते. हा खारा चिखल फ्रेमच्या कोपऱ्यांत आणि दुहेरी पत्र्याच्या सांध्यांत जाऊन बसतो. बाहेरून काळा रंग शाबूत दिसतो आणि आतून पत्रा पापडासारखा होतो.

आणखी एक. मिशिगनमध्ये खासगी गाड्यांची ठरावीक काळाने होणारी सक्तीची सुरक्षा तपासणी नाही. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात तपासणी असते, तिथे अशी फ्रेम पास होत नाही. भारतात खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि पुढे फिटनेस बघून 5-5 वर्षांनी वाढवतात, म्हणजे निदान एकदा तरी कुणीतरी गाडी बघतं. इथे आमच्या राज्यात कुणीच विचारत नाही. विचारत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असा आम्ही सोयीचा अर्थ काढला होता.

वर्कशॉपचीही यात चूक नाही. आम्ही धुराबद्दल विचारलं, त्यांनी धुराबद्दल सांगितलं.

फ्रेमचा सडलेला भाग कापून नवा जोडता येतो. आम्ही चौकशी केली. खर्च साडेचार हजारांच्या पुढे, आणि "यानंतर जड ट्रेलर ओढायला हरकत नाही" असं लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं. ज्या कामासाठी गाडी ठेवायची तेच करता येणार नसेल, तर एक्सेलचा पहिला रकानाच पुसला गेला.

तपासणीचा क्रम

तेव्हा तुमच्यावर वेळ आली तर आमच्या उलट क्रमाने जा :

1. आधी चेसिस. मागच्या अ‍ॅक्सलच्या वरचा भाग, पाट्यांचे ब्रॅकेट, केबिन जिथे फ्रेमवर बसते ते सांधे, ट्रेलरची हिच जिथे बोल्ट केली आहे ती जागा, ब्रेकच्या लोखंडी नळ्या आणि टाकीचे पट्टे. गाडी लिफ्टवर घेऊन दाखवा म्हणावं. स्वतः खाली जायचं तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. आमची पिकअप उंच होती, बाबांनी चारही चाकं जमिनीवर ठेवूनच पाहिली.

2. मग इंजिनाचा गाभा. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून तपासून घेता येतो. त्यात कूलंट, डिझेल किंवा धातूचे कण आहेत का, ते कळतं. कॉम्प्रेशन तपासा. एक जुनी युक्ती म्हणजे इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उलटं करून नुसतं तोंडावर ठेवायचं. थोडं थरथरलं तर चालतं, पण उडूनच पडलं तर रिंगांमधून बराच दाब खाली गळतोय.

3. सगळ्यात शेवटी बाहेरून जोडलेले भाग : इंजेक्टर, पंप, टर्बो, ग्लो प्लग. यांचा आकडा मोठा दिसतो, पण वरचे दोन ठीक असतील तर हा खर्च बहुधा वाया जात नाही.

एस्टिमेट दोन ठिकाणांहून घ्या. त्यातलं एक तरी फक्त डिझेलची कामं करणारं असावं. 'यूज्ड', 'रीबिल्ट' आणि 'रीमॅन्युफॅक्चर्ड' यांत फरक आहे. पहिला भंगारातून काढून तसाच बसवलेला, दुसऱ्यात खराब झालेले तुकडे बदललेले, तिसरा कारखान्यात पूर्ण उघडून मूळ मापाला आणलेला. वॉरंटी किती आणि त्यात मजुरी धरली आहे का, हे लेखी घ्या. 'कोअर चार्ज' म्हणजे जुना भाग परत दिला की मिळणारं डिपॉझिट, ते विसरू नका. आणि पैसे देण्याआधी एन.एच.टी.एस.ए. या सरकारी खात्याच्या साइटवर गाडीचा 17 अक्षरी व्हिन नंबर घालून रिकॉल शिल्लक आहे का ते बघा. ते फुकट असतं.

मग नवी डिझेल का नाही?

नव्या पिकअपमध्ये डिझेल इंजिन घेतलं तर पेट्रोलपेक्षा दहा हजारांच्या आसपास जास्त पडतात. पण पैशांपेक्षा मोठं कारण आमच्या वापराचं होतं. 2006 पासून इथे डिझेलमधल्या गंधकाचं प्रमाण दर दहा लाखांत 15 भागांवर आणलं आणि 2007 च्या मॉडेलपासून पिकअपमध्ये काजळी पकडणारी गाळणी (डी.पी.एफ.) आली. 2010 नंतर हळूहळू युरियाचं द्रावण (डी.ई.एफ.) वापरणारी यंत्रणाही आली. हवेसाठी हे फार चांगलं झालं. पण त्या गाळणीतली काजळी जाळायला इंजिन बराच वेळ गरम राहावं लागतं. गावातल्या गावात पाच-सात मैल फिरणाऱ्या गाडीची गाळणी तुंबते, आणि ती दुरुस्ती महाग असते. रोज लांब पल्ला किंवा जड ओझं असेल तरच नवं डिझेल परवडतं. आमचं तसं नव्हतं.

"ही सगळी यंत्रणा काढून टाका, कटकट मिटेल" असं सांगणारे भेटतात. तसं करू नका. क्लीन एअर अ‍ॅक्टखाली ते बेकायदा आहे. 2020 मध्ये पर्यावरण खात्याने (ई.पी.ए.) अंदाज दिला होता की दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपमधून ही यंत्रणा काढली गेली. वापरलेली डिझेल घेताना आधीच्या मालकाने हा उद्योग केलेला नाही ना, हेही तपासा.

बाबांचा प्रश्न अगदी रास्त होता, "आपल्या बोलेरो पिकअपसारखी छोटी का मिळत नाही इथं?" त्यामागे कोंबडीची गोष्ट आहे! युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढवली, म्हणून चिडून अमेरिकेने 1964 पासून परदेशी हलक्या ट्रकवर 25 टक्के कर लावला. पुढे धुराचे नियमही कडक झाले. महिंद्राची डिझेल पिकअप 2010 च्या सुमारास इथे येणार म्हणून आपल्या लोकांत बरीच चर्चा होती, पण इथल्या वितरकाशी वाद होऊन ती आलीच नाही. शेवरोले कोलोराडोत 2016 ते 2022 पर्यंत लहान डिझेल मिळत होतं, तेही बंद झालं.

तिसरा रकाना

शेवटी एक्सेलमध्ये आधी सुचलाच नव्हता असा तिसरा रकाना घातला : पिकअप ठेवायचीच नाही. वर्षभराची डायरी काढून मोजलं, तर पिकअपशिवाय अडलं असतं असे दिवस भरले फक्त 25. दिवसाचे पेट्रोल-मैलांसकट 110 डॉलर धरले तरी 2,750. बाकीची कामं घरच्या व्हॅनने करण्याचे 600. एकूण 3,350. म्हणजे चेसिस चांगली असती तरी हाच पर्याय स्वस्त होता, फक्त आम्हाला तो दिसायला नको होता! एक सूचना : भाड्याच्या बऱ्याच पिकअपना स्वतःचा ट्रेलर जोडू देत नाहीत. म्हणून आम्ही ट्रेलरही विकला. आता उन्हाळ्यात केबिन भाड्याने घेतो.

याचा अर्थ सगळ्यांनी जुनी गाडी विकावी असा नाही. ह्यूस्टनला आमच्या मित्राकडे त्याच सालची पिकअप आहे, मैलही जवळपास तितकेच. तिकडे मीठ नाही, फ्रेम अजून खणखणीत आहे आणि त्याला दर आठवड्याला ट्रेलर ओढावा लागतो. त्याने इंजेक्टर बदलले आणि योग्यच केलं. गाडी तीच, उत्तर उलटं.

हत्ती आम्ही इंजिनासाठी गाडी शोधणाऱ्या एकाला 2,500 ला दिला. फ्रेमला भोक आहे आणि ट्रेलर ओढू नये, हे बिलावर लिहून दोघांनी सह्या केल्या. न सांगता चार हजार आले असते, पण मग त्याची मुलं मागच्या सीटवर बसली असती. मिशिगनमध्ये नंबर प्लेट मालकाकडेच राहते, ती काढून घ्या, आणि शक्यतो घेणाऱ्यासोबत सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात जाऊन टायटल बदलून घ्या.

बाबा पुण्याला परत गेले. जाताना ती हातोडी गॅरेजमध्ये खिळ्याला टांगून गेले आहेत. मंडळात कुणाला आपली पिकअप तपासायची असेल तर जरूर घेऊन जा. आणि हो, पुढच्या वर्षी मखर भाड्याच्या गाडीतून येईल. गाडी चालवायला आम्ही आहोतच, सामान चढवायला मात्र चार जण लागतील!